व्हीआरएसचा पैसा म्हातारपणाला लावू द्या : प्रत्यक्ष कर मंडळाला नागपुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

पत्र नागपूरहून आहे, म्हणजे गाव तुम्हाला नवं नाही. तुमच्या खात्यात थेट भरती होणारे आयआरएस अधिकारी छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीतच तयार होतात. तुमच्यातल्या बहुतेकांनी इथला एखादा तरी मे महिना काढला असेल, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घेतला असेल, तर्री-पोह्यांनी नाक-डोळे गळले असतील. मी त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला, हिंगणा एमआयडीसीत, एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात बावीस वर्षं होतो. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रक, पीएफची चलनं, आणि माणूस सोडून चालला की त्याचं फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी माझंही फुल अँड फायनल झालं. शीट मीच बनवली होती. शेवटच्या दिवशी स्वतःच्या नावापुढे ‘नो ड्यूज’ लिहून मीच सही घ्यायला गेलो.

त्या शीटमधल्या ओळी इथे मांडतो, कारण सगळं भांडण त्या ओळींचं आहे. माझं वय ५१. बेसिक आणि डीए मिळून ४२,०००, हातात येणारे भत्ते वगैरे धरून महिना ६५,०००. ग्रॅच्युइटी ५ लाख ३३ हजार, करमुक्त. शिल्लक रजेचे १ लाख ६८ हजार, करमुक्त. पीएफ जिथल्या तिथे. आणि व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, १८ लाख. त्यातले १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१०सी) खाली ५ लाख करमुक्त, उरलेले १३ लाख त्या वर्षाचं उत्पन्न.

त्यात एप्रिल ते नोव्हेंबरचा पगार ५ लाख २० हजार मिळवा, स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार वजा करा. १७ लाख ४५ हजार. नव्या पद्धतीच्या स्लॅबने टॅक्स १ लाख ४९ हजार, वर ४ टक्के सेस, एकूण १ लाख ५४ हजार ९६०. कंपनीने तो आधीच कापून घेतला आणि बँकेचा मेसेज आला तेव्हा हिने चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. तिचा प्रश्न साधा होता. वर्षभर नोकरी केली असती तर पगार ७ लाख ८० हजार झाला असता, म्हणजे १२ लाखांच्या आत, टॅक्स शून्य. नोकरी गेली म्हणून टॅक्स लागला का?

मी तिला कलम समजावून सांगितलं. बावीस वर्षं लोकांना कलमं समजावत आलो, तेवढं जमतं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे.

आता हे १८ लाख म्हणजे काय ते बघा. आमच्याकडे निवृत्तीचं वय ५८. माझी सात वर्षं, म्हणजे ८४ महिने उरले होते. १८ लाखांना ८४ ने भागलं की महिन्याला २१ हजार ४०० च्या आसपास येतात. सात वर्षांच्या पगाराच्या बदल्यात दिलेली रक्कम आहे ती, आणि व्हीआरएसच्या तुमच्याच तेव्हाच्या नियम २बीए मध्ये एक मर्यादा निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या महिन्यांवरच मोजतात. म्हणजे रक्कम ठरवताना कायद्याला पुढची सात वर्षं दिसतात, टॅक्स लावताना मात्र एकच वर्ष दिसतं. तेच १३ लाख सात वर्षांत वाटले असते तर वर्षाला १ लाख ८६ हजार पडले असते. त्यावर कुठल्याच स्लॅबमध्ये एक रुपया लागत नाही.

मला हा पैसा हातात नको होता. तो मला म्हातारपणाच्या खात्यात टाकायचा होता, आणि इथे गाडी अडली.

पहिला विचार पीएफचा. बावीस वर्षांचं खातं आहे, वर्षाला सव्वाआठ टक्के व्याज लागतंय, यूएएन आधारला जोडलेलं. पण पीएफमध्ये पगारातून कापलेला पैसाच जातो. व्हीआरएसची रक्कम पगार नाही, आणि नोकरी सुटल्यावर त्या खात्यात आणखी काही भरता येत नाही. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाख. ज्येष्ठ नागरिक योजना ८.२ टक्के देते, तिच्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि व्हीआरएस घेतलेल्याला साठीच्या आधीही प्रवेश आहे. पण वय किमान ५५ लागतं. मला अजून चार वर्षं आहेत. टपाल खात्यातल्या बाईंनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही म्हातारे व्हायला जरा उशीर केला.’ हसलो दोघंही.

राहिलं एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. तिथे कितीही भरा, वरची मर्यादा नाही. पण नव्या करपद्धतीत स्वतः भरलेल्या पैशावर वजावट नाही. मालकाने भरलेल्यावर आहे, बेसिक आणि डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत. मी एचआरच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, साहेब, व्हीआरएसमधला काही भाग माझ्या एनपीएसमध्ये मालकाचा हिस्सा म्हणून वळवा. आठ महिन्यांच्या बेसिक-डीएचे १४ टक्के काढले, ४७ हजार ४० रुपये आले. तेवढ्यावरच सूट मिळाली असती. एचआरवाल्यांनी कॉम्प्युटरकडे पाहतच सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये तसा हेड नाही. त्या मुलावर माझा राग नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, त्याच्या हातात काय होतं?

मग म्हटलं, जुन्या पद्धतीत जाऊन बघू. ८०सी चे दीड लाख आणि एनपीएसचे वरचे ५० हजार, अशी दोन लाखांची वजावट मिळेल. हिशेब केला. दोन लाख वाचवायला गेलेल्या माणसाचा टॅक्स निघाला २ लाख ९४ हजार ८४०. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून चहा प्यालो.

कलम ८९ आठवलं असेल तुम्हाला. नुकसानभरपाई एका वर्षात मिळाली तरी तिचा एक-एक तृतीयांश मागच्या तीन वर्षांत धरून सरासरी दराने दिलासा द्यायचा, हा त्या कलमामागचा विचार शहाणपणाचा आहे. पण व्हीआरएसवाल्याला एकच मिळतं, पाच लाखांची सूट किंवा ८९ चा दिलासा. मी दोन्ही करून पाहिलं, सूट थोडी बरी पडली. कामावरून कमी केलेल्यांना ८९ चा मार्ग खुला असतो, पण आधी पोर्टलवर त्याचा फॉर्म, तेव्हाचा १०ई, भरावा लागतो. आमच्या मशीन शॉपमधला एक फिटर दुसऱ्या कारखान्यात गेला होता, तिथे छाटणीत सापडला. त्याचं रिटर्न ज्यांनी भरलं त्यांनी दिलासा मागितला, फॉर्म १०ई भरलाच नाही. काही महिन्यांनी मेल आला की दिलासा नामंजूर, इतकी रक्कम भरा. तो मोबाइल घेऊन माझ्या घरी आला. ‘भाऊ, काम तर गेलंच, आता हे पैसे अजून काहून मागून राह्यले? मी काय चोरी केली?’ मी म्हटलं, चोरी नाही, फॉर्म राहिला. त्याला हे जास्तच लागलं.

हे झालं आकड्यांचं. आता पाच लाखांच्या रेघेबद्दल.

छाटणीच्या भरपाईसाठी कलम १०(१०बी) मध्ये पाच लाखांची मर्यादा १ जानेवारी १९९७ पासून आहे. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता स्वतः छाटणीच्या यादीत येतात. मधल्या काळात ग्रॅच्युइटीची मर्यादा साडेतीन लाखांवरून २०१० साली दहा आणि २०१८ साली वीस लाख झाली. खासगी नोकरदारांच्या शिल्लक रजेची मर्यादा २००२ पासून तीन लाखांवर अडकली होती, ती २०२३ साली एकदम पंचवीस लाख केलीत. चांगलं केलंत. आमच्या सुपरवायझर लोकांनी तेव्हा पेढे वाटले होते, मला आठवतं. मग एकच प्रश्न. माणूस आपणहून, वय झाल्यावर, हार-तुरे घेऊन जातो तेव्हा त्याचे वीस लाख आणि पंचवीस लाख सुटतात. आणि माणसाला मधेच उठवलं जातं तेव्हा पाच. हा क्रम उलटा नाही का?

तुमच्याच खात्याचा महागाई निर्देशांक घ्या, ज्यावर लोक जमीन-घर विकताना खरेदीची किंमत वाढवून धरत आले. २००१-०२ ला १००, २०२५-२६ ला ३७६. त्या हिशेबाने २००१-०२ मधले पाच लाख आज १८ लाख ८० हजार होतात. माझी व्हीआरएस १८ लाखांची होती. जुळवून आणलेलं नाही, शीट तुम्हाला पाठवू शकतो.

आणि यातला एक भाग तर तुम्ही संसदेची वाट न पाहता करू शकता. १९६१ च्या कायद्यात व्हीआरएसचे पाच लाख कलमातच लिहिलेले होते, ते बदलायला विधेयक लागतं. पण छाटणीच्या भरपाईची मर्यादा केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ठरवायची, असं कलमातच होतं. कलमात फक्त ‘पन्नास हजारांपेक्षा कमी नाही’ एवढंच. म्हणजे एका कागदाचं काम. रजेच्या बाबतीत तो कागद निघाला, तिथे नाही निघाला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. भाषा सुटसुटीत झाली, कलमांचे आकडे बदलले, आम्हा टाइम ऑफिसवाल्यांची पाठांतरं वाया गेली. पाच लाख मात्र तेवढेच राहिले.

शिवाय १०(१०बी) ची सूट फक्त ‘कामगारा’ला. औद्योगिक विवाद कायद्यात पर्यवेक्षकाचं काम करणाऱ्याचा पगार दहा हजारांवर गेला की तो कामगार उरत नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत तो आकडा अठरा हजार झाला. अठरा हजारांत आज नागपुरात दोन खोल्यांचं भाडं आणि पोराची शाळा भागवून दाखवा, मग त्याला साहेब म्हणा. आमच्या शेजारचा मुलगा विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. एका सकाळी लॅपटॉप बंद झाला, दुपारी तीन महिन्यांच्या पगाराचं पत्र आलं. त्याला कंपनीने कामगार धरलंच नाही, त्यामुळे सूट शून्य, सगळी रक्कम ‘वेतनाऐवजी मिळालेला लाभ’. लाभ! हा शब्द ज्याने निवडला त्याला एकदा त्या मुलाच्या आईसमोर उभं करावंसं वाटतं.

पण खरं सांगायचं तर, मर्यादा वाढवा ही माझी दुसरी मागणी आहे. पहिली वेगळी आहे, आणि तीच या पत्राचं कारण. हा पैसा निवृत्तीच्या खात्यात थेट जाऊ द्या. मालकाकडून सरळ एनपीएसमध्ये किंवा पीएफमध्ये, माझ्या हाताला न लागता, आत जाताना कर न कापता. बाहेर काढेन तेव्हा घ्या कर.

हाताला न लागता, हे मुद्दाम म्हणतो. माझे वडील शहरातल्या एका कापड गिरणीत होते. नव्वदच्या दशकात त्यांनाही एकरकमी पैसे मिळाले. बँकेचं पासबुक ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत, मी कॉलेजात असताना भरून आणायला जायचो, त्यामुळे एकेक ओळ पाहिली आहे. पहिली मोठी रक्कम काकांना, गावच्या विहिरीसाठी. मग मोठ्या बहिणीचं लग्न. मग मामाच्या सांगण्यावरून ऑटो घेतला, तो दीड वर्षात निम्म्या किमतीत विकला. मग उमरेड रोडला एका लेआउटमध्ये प्लॉट, ज्याचं आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, आजही झालेलं नाही. चौथ्या वर्षी शिल्लक २११ रुपये. वडील व्यसनी नव्हते, उधळे नव्हते. घरात पैसा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, एवढंच. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. ‘पैसा अडकलेला आहे, साठीपर्यंत निघत नाही’ असं म्हणता आलं असतं तर काकांनीही समजून घेतलं असतं.

माझ्या ओळखीच्या, व्हीआरएस घेतलेल्यांपैकी निम्म्यांचं तेच चाललंय. कोणी बेसा-पिपळ्याला फ्लॅट बुक केला, कोणी मुलाला मोबाइलचं दुकान टाकून दिलं. त्यांना नावं ठेवत नाही. पण पीएफच्या पेन्शनचा हिशेबही माझ्याच हातचा आहे. बावीस वर्षांच्या नोकरीवर मला ५८ व्या वर्षी मिळणार साडेतीन-चार हजार. किमान पेन्शन तर २०१४ पासून एक हजारच आहे. या आकड्यावर कोण जगतं?

सरकारलाही हे कळतं, असं मी समजतो. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी गेली तरी २५ टक्के रक्कम खात्यात राहू द्यायची, आणि सगळा पैसा काढायला दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबायचं. आमच्या गेटवर त्यावर खूप आरडाओरड झाली. मला मात्र तो निर्णय अर्धा पटला. म्हातारपणासाठी थोडं शिल्लक राहावं, यात वाईट काय? पण मग तेच सरकार जो माणूस स्वतःहून १३ लाख त्याच कारणासाठी आत टाकायला तयार आहे त्याला आधी दीड लाख टॅक्स भरून ये म्हणतं. जुना पैसा बाहेर जाऊ नये म्हणून कडी, आणि नवा पैसा आत येऊ नये म्हणूनही कडी.

हा विचार परका नाही, निदान आमच्या शहराला तरी नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ साली तिथल्या कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. देशाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा मिळाला १९५२ साली. म्हणजे सासष्ट वर्षं आधी गांधीसागरच्या काठावर कोणीतरी विचार केला होता की हात थकल्यावर या माणसाचं काय. आज तिथे मॉल आहे, नाव तेवढं उरलं आहे.

बाहेर बघायचं तर पुतण्या टोरंटोला असतो, त्याने सांगितलं आणि मी नियम वाचून खात्री केली. कॅनडात नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेतून, १९९६ च्या आधीच्या नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे दोन हजार डॉलर थेट निवृत्तीच्या खात्यात वळवता येतात. मालक कर न कापता परस्पर पाठवतो. आता ती सवलत जुन्या वर्षांपुरतीच उरली आहे, पण पाइपलाइन आहे. दक्षिण कोरियाने तर एप्रिल २०२२ पासून नोकरी सोडतानाची रक्कम, काही अपवाद सोडून, निवृत्ती खात्यातच भरायची सक्ती केली. कर तेव्हा लागत नाही; पुढे पेन्शनसारखी हप्त्याने काढली तर करही कमी लागतो. मी सक्ती मागत नाही. आपल्याकडे घरची गरज कधी दार वाजवेल सांगता येत नाही. इच्छा असेल त्याला वाट द्या, एवढंच.

आपल्या कायद्यातही वाट अर्धी खोदलेली आहे. मान्यताप्राप्त पीएफ किंवा सुपरअ‍ॅन्युएशन फंडातला पैसा एनपीएसमध्ये वळवला तर तो त्या वर्षाचं उत्पन्न धरत नाहीत. एका निवृत्ती खात्यातून दुसऱ्यात जायला कर नाही. व्हीआरएसची रक्कम त्याच रांगेत बसवायची आहे.

तुमच्या बाजूचे आक्षेप मला दिसतात. टाइम ऑफिसात बसलेल्या माणसाला सवलतीची पळवाट कशी होते हे शिकवावं लागत नाही. उद्या एखादा मोठा साहेब दोन कोटींचा ‘निरोप’ घेईल आणि सगळा एनपीएसमध्ये लपवेल. मग मर्यादा घाला. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक लाख म्हणा, आयुष्यात एकदाच म्हणा. तुम्ही म्हणाल, एनपीएसमधून साठीला काढलेली ६० टक्के रक्कम करमुक्त असते, म्हणजे आत जातानाही कर नाही आणि बाहेर येतानाही नाही. मग या पैशापुरती ती सूट काढून टाका, वेगळं खातं ठेवा, मला चालेल. तुम्ही म्हणाल, हा माणूस साठीनंतर इतकं थोडं काढेल की त्यावर कर बसणारच नाही, तिजोरीचं नुकसान आहे. हे खरं आहे. मी नाकारत नाही. माझ्यासारख्यावर आजच्या नियमांनी ना नोकरीत कर बसला असता, ना निवृत्तीनंतर बसेल. बसला तो नोकरी गेली त्या एका वर्षात. तिजोरी त्या वर्षावर उभी आहे का?

आणखी एक, जाता जाता. नियम २बीए म्हणतो की व्हीआरएसने रिकामी झालेली जागा भरायची नाही. आमच्याकडे जागा भरली नाही, अगदी नियमाला धरून. माझ्या खुर्चीवर ठेकेदाराचा माणूस बसतो, त्याचा पगार सोळा हजार. त्याला व्हीआरएस कधीच मिळणार नाही, त्यामुळे तुमच्या पाच लाखांच्या मर्यादेत तो आरामात बसतो.

माझे दीड लाख परत द्या असं मी म्हणत नाही. रिटर्न नीट भरलं आहे, टॅक्स कापला तो बरोबरच कापला, कायदा तसाच आहे. पण हिंगणा आणि बुटीबोरीत अजून याद्या लागणार आहेत. ज्यांची रिटर्नं मी संध्याकाळी पोर्चमध्ये टेबल टाकून भरतो, त्यांच्यातले चौघं पुढच्या वर्षी याच ओळीत येतील असं दिसतंय. त्यांच्यासाठी तरी अर्थसंकल्पाच्या आधी अर्थमंत्र्यांकडे जाणाऱ्या तुमच्या टिपणीत हा एक परिच्छेद टाका, आणि छाटणीच्या मर्यादेचा तो एक कागद काढा.

अकादमीत पुढची तुकडी आली की तिला एक दिवस इकडे पाठवाल का? मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत येते, पुढे मी स्कूटरवर न्यायला येईन. जास्त जण असले तर दोन-तीन खेपा करीन. फुल अँड फायनलची शीट समोर ठेवतो, नाव झाकून, आणि त्यांच्याकडूनच टॅक्स काढून घेतो. मग माझ्या बायकोने विचारलेला प्रश्न त्यांना विचारू. चहा ती करेल.

कळावे,

आपला,
एक माजी टाइमकीपर
हिंगणा रोड, नागपूर